ट्रान्सअ‍ॅम : शेवटचे अडीचशे मैल उरलेत आणि पाय निघत नाहीये

चाकोरीबाहेर (मंगळवार, रात्री)

मुक्काम लेक्सिंग्टन, व्हर्जिनिया. जूनच्या पहिल्या आठवड्यात ओरेगनमधल्या अस्टोरियाला सायकलचं मागचं चाक पाण्यात भिजवून निघाले. ट्रान्सअमेरिका ट्रेल (ट्रान्सअ‍ॅम), म्हणजे अमेरिका आडवी पार करणारी सायकलवाट, सगळी मिळून ४२०० मैलांच्या आसपास. यॉर्कटाऊन, म्हणजे वाटेचं शेवटचं टोक, आता अडीचशे मैलांवर आलंय.

कॅन्ससमध्ये दिवसच्या दिवस वारा तोंडावर घेतला, मिझुरीत ओझार्क्सच्या चढांनी गुडघे बोलायला लागले, केंटकीत कुत्री मागे लागली. तेव्हा रोज रात्री नकाशा उघडून किती उरलं ते बघायचे. आता तो उघडावासाच वाटत नाही. काल दुपारी एका गॅस स्टेशनच्या सावलीत पाणी प्यायला टेकले, ती दोन तास उठलेच नाही. पाय ठणठणीत, सायकल ठीक, ऊनही फार नव्हतं. नुसतीच बसून राहिले.

नवरा आणि लेक रविवारी यॉर्कटाऊनला पोचताहेत. तिकिटं काढून झाली आहेत, त्यामुळे रेंगाळायची फारशी सोय नाही. ज्यांनी असे लांबचे प्रवास केलेत त्यांना विचारायचंय, हे शेवटचे दिवस तुम्ही कसे काढले? दामटून संपवले की मुद्दाम हळू गेलात? आणि संपल्यावर पुढे काय झालं?

पंपवाला

आधी कोपरापासून नमस्कार घ्या. बाकी अनुभवी लोक सांगतीलच. मी धाग्यावर बूड टेकून बसलोय.

गियरबदलू

ताई, उद्या वेसुव्हियसचा चढ आहे ना? मग हा प्रश्न उद्या दुपारपर्यंत आपोआप मिटेल. :)

वेसुव्हियस गाव मागे पडलं की तीन-चार मैलांत सुमारे दीड हजार फूट चढायचंय. रॉकीजमधले चढ लांबलचक असतात पण सौम्य, हूझियर पास साडेअकरा हजार फुटांवर असूनही माणूस बसल्या बसल्या चढतो. वेसुव्हियसला मी उतरून ढकलली, आणि ढकलतानाही दम लागला. वर ब्लू रिज पार्कवे या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याला २७व्या मैलाच्या दगडाजवळ लागता, तिथून दगडांचे आकडे उतरत शून्यावर येतात. आकडे उतरतात म्हणून रस्ताही उतरतो असं समजू नका, चांगले दोन-तीन दणके अजून आहेत. वर दुकान नाही, पाणी खालूनच भरून घ्या. धुकं असेल तर मागचा दिवा भर दिवसाही चालू ठेवा. ट्रकना बंदी आहे, पण गाड्यांतून दऱ्या बघत जाणारे पर्यटक रस्ता बघतीलच असं नाही.

पार्कवे संपला की खाली अ‍ॅफ्टन. जून करी यांचं गाव. १९७६ साली ही वाट पहिल्यांदा आखली गेली आणि अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त चार हजारांवर लोक तिच्यावरून गेले, तेव्हापासून त्या दारावरून जाणाऱ्या सायकलवाल्यांना पाणी आणि घरच्या कुकीज देत आल्या. सगळे त्यांना कुकी लेडीच म्हणायचे. २०१२ मध्ये गेल्या. मी त्यानंतर गेलो, त्यामुळे भेट हुकली. त्या चढावर मला त्यांच्या कुकीजची फार गरज होती.

उतारप्रेमी

जरा कडू बोलतो, राग मानू नका. यॉर्कटाऊन म्हणजे समुद्र नव्हे. ती यॉर्क नदी आहे, पुढे चेसापीक उपसागर, आणि त्याच्याही पुढे अटलांटिक. समुद्र ते समुद्र म्हणायचं असेल तर व्हर्जिनिया बीच गाठायला हवं. मी तेच केलं. पण सरळ जाता येत नाही, हॅम्प्टन रोड्सच्या पूल-बोगद्यात सायकल नेऊ देत नाहीत. जेम्सटाऊनहून फेरीने जेम्स नदी ओलांडून दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागतो. फेरी फुकट आहे आणि सायकल घेतात. तुम्हाला संपवायचं नाहीच आहे ना, मग दोन दिवस वाढतात, आयतीच सोय.

टवाळखोर

उतारप्रेमी, अस्टोरिया तरी कुठे समुद्रावर आहे? कोलंबिया नदीच्या मुखाशी आहे. नदीतून निघून नदीत पोचल्या, हिशेब चोख जुळला. तुमचाच प्रवास नदीतून निघून समुद्रात गेला, म्हणजे ताळेबंद तुमचा चुकतोय.

उतारप्रेमी

मी आधी समुद्रावरच्या सीसाइड गावी जाऊन चाक भिजवून आलो होतो. कच्च्या गुरूचा चेला नाही.

चाकोरीबाहेर

हसून हसून पुरेवाट! मी नदीतच भिजवलं होतं, त्यामुळे यॉर्कटाऊन पक्कं.

वेणू

मानसशास्त्रात याच्या बरोबर उलटं सांगतात. क्लार्क हल यांनी १९३०च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले होते. बोळकांडीच्या टोकाला खाऊ ठेवला की उंदीर जसजसा जवळ येतो तसतसा जोरात पळतो. माणसंही बहुतेकदा असंच करतात, शेवट दिसायला लागला की वेग वाढतो. चाकोरीबाहेर यांचा वेग कमी होतोय, याचा अर्थ माझ्या मते सरळ आहे. यॉर्कटाऊन हा त्यांचा खाऊ नाहीच. खाऊ रोजचा रस्ता होता आणि तो संपत चाललाय.

गियरबदलू

उंदराला सोमवारी ऑफिसला जायचं नव्हतं, हाही मुद्दा लक्षात घ्यावा.

निवांत_नमू

मला हे सगळं थोडं जास्तच वाटतंय. स्पष्ट बोलते, माफ करा. कुठलीही लांब सुट्टी संपताना असं होतं. गोव्याहून परत येतानाही होतं. घरचे लोक तीन महिने सगळं सांभाळताहेत, तिकिटं काढून भेटायला येताहेत आणि आपण गॅस स्टेशनवर उदास बसायचं? पॅडल मारा, घरी या, कामाला लागा. महिन्याभरात विसराल.

पंपवाला

नमूताई, गोव्याला सायकलवर सामान बांधून गेलात का कधी? हलके घ्या.

वेणू

नाही, नमूचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण एक फरक आहे. सुट्टीत आपण रोजच्या आयुष्यातून बाहेर पडतो. लांबच्या सायकल प्रवासात तीन महिन्यांत तेच रोजचं आयुष्य होतं. सकाळी उठल्यावर ठरवायच्या गोष्टी किती, तर पाणी कुठे मिळेल, पोटात काय ढकलायचं, रात्री तंबू कुठे ठोकायचा. बस्स. संध्याकाळी यादी पुरी झालेली असते. घरी गेल्यावर कुठलीच यादी दिवसाच्या शेवटी पुरी होत नाही. मला वाटतं लोकांना रस्त्याहून जास्त हे सुटतं याचं वाईट वाटतं.

निवांत_नमू

हे पटलं. तरी घरच्यांचा मुद्दा सोडत नाही.

दारात_उभा

घरच्यांच्या बाजूने मी बोलतो, कारण मी तो वाट बघणारा नवरा आहे.

आमच्या घरी सायकलवेडी बायको आहे. ती उत्तरेकडच्या मार्गाने गेली होती, वॉशिंग्टन राज्यातल्या अ‍ॅनाकॉर्टेसपासून मेनमधल्या बार हार्बरपर्यंत. मी बार हार्बरला आदल्या रात्रीच जाऊन थांबलो होतो, फुलं घेऊन. ती आली. ब्रेक दाबला, उतरली, मग पॅडल मागे फिरवून फुटपाथच्या कडेला टेकवलं, म्हणजे सायकल पडू नये. पुढचं चाक सरळ केलं. बाटली काढून पाणी प्यायली. बाटली परत जागेवर नीट बसली का ते दाबून बघितलं. आणि मग माझ्याकडे बघितलं. मी तोपर्यंत फुलं धरून उभा. तिला मला दुखवायचं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं, पण दर थांब्याला करायच्या त्या गोष्टींचा क्रम हातात इतका बसला होता की त्यात नवरा हे कलम नव्हतं.

नंतरचं सांगतो. पहिले तीन-चार आठवडे ती चार माणसांचं जेवत होती आणि तरी भूक लागतच होती. शरीराला कोणी सांगितलेलं नसतं की आता दिवसाला सत्तर मैल नाहीत. पहाटे पाचला उठून गॅरेजमध्ये जाऊन टायर दाबून यायची. गाडीत बसली की म्हणायची, फार जोरात चाललंय. चिडचिड बरीच झाली, दोघांचीही.

म्हणून माझं मत असं की घरच्यांना बरोब्बर शेवटच्या क्षणाला बोलवू नका. यॉर्कटाऊनच्या विजयस्तंभापाशी एकट्या पोचा, एक रात्र एकटीने काढा आणि दुसऱ्या दिवशी त्यांना भेटा. त्यांच्या वाट्याला माणूस येऊ दे, सायकलवरचं यंत्र नको.

मीठभाकर

दारात_उभा, प्रतिसाद आवडला पण सल्ला अजिबात पटला नाही. लेकीने आईला त्या स्तंभापाशी येताना बघायलाच हवं. दुसऱ्या दिवशी हॉटेलात आंघोळ करून बसलेली आई तिने रोजच बघितलीय. बाटली आधी, मुलगी नंतर, असं झालं तरी चालेल. ती हसेल.

दारात_उभा

मुलांचं वेगळं असेल. नवऱ्यांचा मात्र विचार व्हावा, एवढंच म्हणणं.

सह्यकडा

भावनांवर बरंच झालं, थोडं सायकलकडे बघू. शेवटच्या आठवड्यात लोक सायकलकडे बघणं सोडतात, "एवढं चालली, आता चार दिवस काय होतंय" म्हणून.

मागचा टायर आत्ता रात्रीच उलटवून बघा. सामानाचं वजन मागे असतं, मागचाच आधी झिजतो. मधली पट्टी सपाट झाली असेल किंवा कुठे आतले धागे दिसत असतील तर नवा टायर घाला. अर्ध्या तासाचं काम आहे. झिजलेला मागचा टायर पुढे घालायची अदलाबदल मात्र नको. पुढचा टायर उतारावर फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. मग मागचं चाक हवेत फिरवून ब्रेक पॅडजवळ बघा. डुलत असेल तर आऊट झालंय, एखादा स्पोक सैल किंवा तुटलेला असणार, बहुतेक गियरच्या बाजूचा. पार्कवेवर जाण्याआधी आऊट काढून घ्या. तिसरं ब्रेक पॅड. पार्कवेवरून अ‍ॅफ्टनकडे उतरताना ते लागणार आहेत आणि केंटकीतच निम्मे संपलेले असतात.

आणि दुपारी ढग भरून आले तर डोंगरमाथ्यावर थांबू नका. ऑगस्टमध्ये तिथे दुपारची वादळं नेहमीची.

चाकोरीबाहेर

सह्यकडा, दिव्याखाली बसून बघितलं. मागच्या टायरला एका जागी धागे डोकावताहेत, नखाएवढेच. पुढचा बराच चांगला निघाला. मागचा उद्या नवाच घेते. आऊट नाहीये. पॅड उद्या लेक्सिंग्टनमध्येच बदलून घेते.

एक राहिलं. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेले पंधरा दिवस बधिर आहे. शर्टाचं बटण लावताना कळतं. कोणाला झालंय का?

सह्यकडा

जवळजवळ सगळ्यांना होतं. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नस जाते आणि तास न् तास हँडलबारवर भार दिला की दबते. हाताची जागा सारखी बदला, सीटचं नाक खाली झुकलं असेल तर सरळ करा, म्हणजे अंग पुढे घसरत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. बोटांतली ताकद कमी वाटली, चिमटीत कागद धरता येत नसेल, तर मात्र डॉक्टर गाठा, थांबू नका.

यातच एक सूचना. विल्यम्सबर्गहून यॉर्कटाऊनला जाणारा कलोनियल पार्कवे काँक्रीटचा आहे आणि त्यात खडी वर दिसते. रस्त्यावर पट्टे नाहीत. दिसतो सुंदर, पण हाताला सतत थरथर देतो. तेव्हा टायरमधली हवा थोडी कमी ठेवा. त्याच्या काही भागांची कामं चालतात आणि रस्ता बंद ठेवतात, तेव्हा आदल्या रात्री राष्ट्रीय उद्यान सेवेचं पान बघूनच निघा.

मीठभाकर

थोडं अवांतर. शेवट कसा करावा यावर आपल्याच मुंबईकरांचा दाखला आहे. ऑक्टोबर १९२३ मध्ये सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जग फिरायला निघाले. इराण, युरोप, मग अमेरिका आडवी पार करून जपान, चीन असं करत मार्च १९२८ मध्ये परतले. ४४,००० मैल. पण परतले तिघंच, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा. एक जण इराणमधूनच माघारी फिरला, एक अमेरिकेहून घरी गेला, आणि गुस्ताद हाथीराम यांना अमेरिका इतकी आवडली की ते तिथेच राहिले.

साडेचार वर्षांनी घर दिसल्यावर त्या तिघांना काय वाटलं असेल याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. तेव्हा नकाशेही धड नव्हते.

टवाळखोर

म्हणजे हाथीराम यांनी हा धागा शंभर वर्षांपूर्वी सोडवला होता. प्रवास संपल्याचं दुःख होतंय? संपवूच नका.

निवांत_नमू

टवाळखोर, ताईंना असले सल्ले देऊ नका. तिकिटं काढलीयेत घरच्यांनी.

चाकोरीबाहेर (गुरुवार, रात्री)

शार्लट्सव्हिल. गियरबदलू, तुमचा चढ चढले. ढकलली नाही, पण मध्ये पाचेकदा थांबले आणि दर थांब्याला तुमची आठवण काढली, चांगल्या शब्दांत नाही.

वर धुकं होतं. पुढचे वीस फूटच काय ते दिसत होते. २७, २६, २५ असे दगड एकेक करून धुक्यातून बाहेर यायचे. इतके दिवस मी आकडे वाढताना बघितले होते, त्या दिवशी उतरताना बघितले, आणि दहाच्या आसपास लक्षात आलं की मला पुढचा दगड बघायची घाई झालीय. वेणू, तुमचा उंदीर अखेर पळाला.

दारात_उभा आणि मीठभाकर यांचं दोघांचं वाचून नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, फुलं आणणार नाही, पण येणार रविवारीच. त्यामुळे तो विषय संपला. मात्र लगेच सोमवारचं विमान धरायचं होतं ते पुढे ढकललं. तीन दिवस विल्यम्सबर्गला तिघंही राहू.

दारात_उभा

हे माझ्या सल्ल्यापेक्षा चांगलं आहे. लिहून ठेवतो.

गियरबदलू

रिचमंडच्या बाजूला व्हर्जिनिया कॅपिटल ट्रेल लागेल, जेम्सटाऊनपर्यंत पन्नासेक मैल गाड्यांपासून वेगळी डांबरी वाट. शनिवारी तिथे लहान मुलं, कुत्री, पळणारे लोक सगळे असतात. तीन महिने महामार्गाच्या कडेला काढल्यावर माणूस घंटी वाजवायला विसरतो, तेवढं सांभाळा.

चाकोरीबाहेर (सोमवार, सकाळी)

झालं. काल दुपारी यॉर्कटाऊन.

कलोनियल पार्कवेचा एक पट्टा बंद होता, वळसा पडला, उशीर झाला. स्तंभापाशी नवरा उभा होता, फुलं नव्हती. लेक धावत आली आणि पहिलं वाक्य काय, तर "आई, तुझे पाय दोन रंगांचे झालेत." मोज्याच्या वर काळे, खाली पांढरे. मी सायकल आधी टेकवली की तिला आधी जवळ घेतलं यावर दोघांचे दोन जबाब आहेत. मग खाली किनाऱ्यावर जाऊन पुढचं चाक नदीत घातलं. उतारप्रेमी, नदीतच. पाणी कोमट होतं.

रडू वगैरे काही आलं नाही. भूक लागली होती. आज सकाळी साडेपाचला जाग आली आणि काय करायचं ते सुचेना, म्हणून हा प्रतिसाद लिहितेय. बाकी दोघं झोपलेत.

आता सायकल खोक्यात भरायचीय. उजवं पॅडल निघालं, डावं हलत नाही. पान्यावर उभी राहिले तरी नाही.

सह्यकडा

अभिनंदन! डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. नेहमीसारखा फिरवाल तर आणखी घट्ट होईल, म्हणजे उभं राहून तुम्ही ते आवळलंय. १५चा पाना पॅडलच्या दांड्यावर वरच्या दिशेला उभा लावा आणि सायकलच्या मागच्या बाजूला ओढा. दोन्ही पॅडलं तशीच सुटतात, हे लक्षात ठेवलं की डावं-उजवं पाठ करावं लागत नाही. आट्यांवर थोडं तेल सोडा आणि दहा मिनिटं थांबा. पॉवर बँक खोक्यात ठेवू नका, हातातल्या सामानात घ्या. स्टोव्ह वापरलेला असेल तर विमान कंपनीला आधी विचारा, वापरलेले स्टोव्ह अडवतात.

चाकोरीबाहेर

निघालं! नवऱ्याला उठवावं लागलं, पण निघालं.

पायडलपंत

नमस्कार, मी नवा सदस्य. धागा सलग वाचून काढला. पुढच्या वर्षी मीही अस्टोरियाहून निघायचं म्हणतोय. मेच्या पहिल्या आठवड्यात निघालं तर चालेल का? ताई जूनमध्ये का निघाल्या?

गियरबदलू

पंत, मेमध्ये निघालात तर आठवड्याभरात कॅस्केड्सचे डोंगर गाठाल आणि तिथला मॅकेन्झी पास हा घाट बर्फामुळे बंद मिळेल. गाड्यांना तो साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बंदच असतो, सायकलवाल्यांना रस्ता साफ झाला की त्याआधी सोडतात. तोवर सँटियाम पासचा पर्याय आहे, पण त्यावर ट्रक असतात. दुसरा उपाय म्हणजे मेमध्ये उलटं निघायचं, यॉर्कटाऊनहून पश्चिमेकडे. मग उन्हाळ्याच्या आधी व्हर्जिनिया संपतं आणि रॉकीजला पोचेपर्यंत बर्फ वितळलेलं असतं. फक्त वेसुव्हियस तुम्हाला उताराला मिळेल. ब्रेक पॅड नवे टाकून निघा.

टवाळखोर

आणि परतीचं तिकीट आधी काढू नका. हाथीराम आठवा.